प्रेमिलाबाई कुठं निघाल्या?

प्रेमिलाबाई उमाठे नवऱ्याचं घर सोडून निघाल्या, ही बातमी नवीन वर्षाच्या पहिल्याच सकाळी आमच्या कॉलनीभर झाली, तेव्हा खुद्द प्रेमिलाबाई लॉ कॉलेजच्या चौकात एका पायावर उभ्या राहून बुटातला खडा काढत होत्या. बूट नवऱ्याचे होते. पांढरे, कॅनव्हासचे, आणि चांगले दोन बोटं मोठे.

खरं म्हणजे त्या घर वगैरे सोडून निघाल्या नव्हत्या. नुसत्या फिरायला निघाल्या होत्या. पण ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. धरमपेठेच्या मागच्या आमच्या कॉलनीत बाईनं नुसतं फिरायला निघणं, असा प्रकारच तेव्हा नव्हता. बाई देवळात जायची, चक्कीवर जायची, रेशनच्या रांगेत जायची, कुणाच्या बारशाला जायची. तिच्या हातात काहीतरी असायचं. पिशवी, डबा, पूजेचं ताट, नाहीतर मूल. रिकाम्या हातांची बाई रस्त्यावर दिसली, तर एक तर घरात काही बरंवाईट झालेलं असायचं, नाहीतर तिच्या डोक्यात. फिरणं हा पेन्शनर पुरुषांचा उद्योग होता, आणि तेही काठी घेऊन फिरायचे. म्हणजे अगदीच रिकाम्या हातानं नाही.

सगळं डॉक्टरांमुळं झालं. डिसेंबर संपता संपता प्रेमिलाबाईंना चक्कर आली म्हणून दाखवायला नेलं, तर साखर निघाली.

"रोज तासभर चालायचं. भरभर," डॉक्टर म्हणाले.

"मी तर दिवसभर चालतच असते, डॉक्टर. ओट्यापासून नळापर्यंत, नळापासून दोरीपर्यंत, दोरीपासून पुन्हा ओट्यापर्यंत."

"ते चालणं आम्ही धरत नाही."

प्रेमिलाबाईंना हे फार लागलं. लग्न झाल्यापासूनचं त्यांचं सगळं चालणं त्या माणसानं एका वाक्यात रद्द करून टाकलं होतं. पण पुढचं वाक्य त्याहून वाईट होतं. "जानेवारी संपला की पुन्हा तपासू. साखर उतरली तर उत्तम. नाही उतरली, तर रोजची सुई."

आता सुईचं असं, की देवी टोचणारा माणूस कॉलनीत आला होता तेव्हा प्रेमिलाबाई गव्हाच्या कोठीमागं लपल्या होत्या. लहानपणी नव्हे. धाकट्या लेकीच्या जन्मानंतर.

त्यामुळं घरी येताच त्यांनी जाहीर केलं, की नवीन वर्षापासून मी रोज फिरायला जाणार. त्यांचे यजमान रुपराव, मोजणी खात्यात कारकून, वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "तुह्याच्यानं नाही होणार. चार दिवस जाशील अन् पाचव्या दिवशी रजई ओढून पडशील."

"अन् गेली महिनाभर तर?"

"तर मी तुह्या मागं मागं चालीन. साऱ्या कॉलनीदेखत."

रुपराव हे अशा खात्रीनं बोलले, की बोलल्यावर लगेच विसरूनही गेले. प्रेमिलाबाई विसरल्या नाहीत.

पहिल्या तारखेला फटफटायच्या सुमारास त्या निघाल्या. नागपूरची जानेवारीतली थंडी, डोक्यावरून शाल, पायात ते बूट. फाटक लावतात न लावतात तोच शेजारच्या सिंधूताई दिसल्या. त्या अंगणात सडा टाकत होत्या.

"काहून वं प्रेमिला, कुठं निघाली इतक्या पहाटंची?"

"फिराले."

"कोणाकडं?"

"कोणाकडं नाही. नुसतीच."

सिंधूताईंची बादली हातातच राहिली. "रुपरावभाऊ घरी आहेत ना?"

"आहेत. झोपले आहेत."

"हं," सिंधूताई म्हणाल्या. ज्यांनी सिंधूताईंचं "हं" ऐकलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्या एका "हं"मध्ये बाईचं माहेर, सासर, नवऱ्याचा स्वभाव आणि उरलेलं सगळं आयुष्य मावायचं.

कोपऱ्यावर भैयाजी भेटले. भैयाजी म्हणजे निवृत्त हेडक्लार्क आणि कॉलनीचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं, पण काढायचं कसं हेही कुणाला माहीत नव्हतं. माकडटोपी घालून ते दुधाचा डबा घेऊन चालले होते.

"वहिनी, काही आणायचं आहे काय? मी आणून देतो, तुम्ही घरी जा."

"काही नाही आणायचं, भैयाजी."

"मग काही द्यायचं आहे?"

"नाही."

"आणायचं नाही, द्यायचं नाही," भैयाजी एखाद्या अडकलेल्या फाईलकडं पाहावं तसे पाहत म्हणाले, "मग जाऊन काहून राहिल्या?"

पुढं बाबूलाल रिक्षावाला. हा रोज पोरांना शाळेत सोडायचा, घरचाच माणूस. त्यानं घंटी वाजवून सायकलरिक्षा आडवी घातली. "बैठो, बाई."

"नको बाबूलाल. डॉक्टरनं पायी चालाले सांगितलं."

"डॉक्टर को क्या है, उनके पास मोटर है. बैठो."

"अरे, नको म्हणते ना!"

"ठीक है. मैं पीछे पीछे आ रहा. थक गए तो बैठ जाना." आणि तो खरंच मागं मागं यायला लागला, अगदी हळू, कुरकुर पायडल मारत. कॉलनीतल्या बाईला पायी जाताना पाहून पुढं निघून जायचं त्याच्या जिवावर येत होतं.

आता चित्र बघा. पुढं डोक्यावर शाल घेतलेली बाई, वाऱ्यानं डोळ्यांतून घळघळ पाणी, पायात नवऱ्याचे बूट, आणि मागं रिकामी रिक्षा. ट्रंक तेवढी कमी होती. ती ट्रंक पुढच्या अर्ध्या तासात सिंधूताईंनी आपल्या पदरची घातली. हिरवी, कुलूप लावलेली.

प्रेमिलाबाई परतल्या तेव्हा त्यांच्या घरात गर्दी होती. रुपराव अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत खुर्चीवर बसले होते, उरलेल्या अर्ध्या गालावर साबण वाळत होता, आणि समोर भैयाजी बसून समजावत होते, "राग येतो रुपराव, माणसाले राग येतो. मलेही येतो. पण बाईमाणसाले इतक्या थंडीत पायी जाऊ द्यायचं?"

"पण मी केलं काय?"

"सगळे हेच म्हणतात," भैयाजी दुःखानं म्हणाले.

स्वयंपाकघरात सिंधूताई सगळ्यांसाठी चहा करत होत्या. प्रेमिलाबाईंच्या दुधाचा, प्रेमिलाबाईंच्या साखरेचा. प्रेमिलाबाई दारात दिसताच त्यांनी चहा उतू जाऊ दिला आणि येऊन गळ्यात पडल्या. "आली वं माय! लेकरांचा इचार करून आली!"

"मैं ही वापस लाया," मागून बाबूलाल म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडं आदरानं पाहिलं. त्याला बशीभर चहा मिळाला. रुपरावांना उरलेली दाढी करायला वेळ मिळाला नाही. तसेच कचेरीत गेले. तिथं साहेबांनी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणजे बातमी त्यांच्याही आधी पोचली होती.

संध्याकाळी ते म्हणाले, "तू घरातल्या घरात फिर. टेबलाभोवती. माझी इज्जत राहील." प्रेमिलाबाई फिरल्या. पण त्या घरात टेबलाभोवती फिरायचं म्हणजे दर फेरीला एकदा शिवणयंत्राला वळसा आणि एकदा सासऱ्यांच्या फोटोला हात लागणार. दर वेळी फोटो वाकडा व्हायचा, आणि प्रेमिलाबाईंना थांबून तो सरळ करावा लागायचा. असं तासभर चालल्यावर त्यांना साखर कमी झाल्यासारखी वाटेना, सासरे मात्र नाराज झाल्यासारखे वाटायला लागले.

मग त्यांना युक्ती सुचली. पिशवी! दुसऱ्या दिवशीपासून त्या हातात कापडी पिशवी घेऊन निघाल्या. "कुठं निघाल्या?" "बाजारात." किती सोपं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर शांती पसरली. बाई ठिकाणावर आली.

पण बाजारात निघालेल्या बाईला नुसतं जाऊ देतील, ती आमची कॉलनी कसली! "चाललीच आहेस तं सांबाराची जुडी आण वं, कोवळी पाहून," सिंधूताईंनी फाटकातून सांगितलं. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. पुढच्या घरून कुकरचं रबर. त्याच्या पुढच्या घरून इस्त्रीला टाकलेली पातळं. भैयाजींच्या चष्म्याची काडी. आठवडाभरात प्रेमिलाबाईंची अशी अवस्था झाली, की त्या तासाभरासाठी बाहेर पडत, आणि त्यातला बहुतेक वेळ कुणाच्या तरी दुकानासमोर उभ्या असत. एकदा तर काखेत अख्खं कोहळं घेऊन परतल्या. ते कुणी मागवलं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचे सांडगे मात्र सिंधूताईंनी केले.

"चालणं झालं काय?" रुपराव विचारत. त्या आवाजात काळजी नव्हती, हे प्रेमिलाबाईंना नीट कळायचं. आणि आंघोळीला गेल्या की दंडाकडं लक्ष जायचं. सुई इथंच टोचतात म्हणे.

संक्रांत जवळ आली. हळदी-कुंकवाला या वर्षी वाण काय द्यायचं हे ठरवायला महिला मंडळाची बैठक भरली. प्लास्टिकची साबणदाणी की स्टीलचा चमचा, हा वाद गेल्या वर्षीपासून मागल्या पानावरून पुढं चालू होता. चमचावाल्यांचं पारडं जड व्हायला लागलं, तेवढ्यात प्रेमिलाबाई उभ्या राहिल्या.

"या वर्षी वाण नको," त्या म्हणाल्या. "या वर्षी चालू. सगळ्या मिळून. रोज सकाळी."

मग सिंधूताई म्हणाल्या, "अवं, सगळ्या मिळून निघालो तं लोकं म्हणतील, साऱ्या कॉलनीचेच नवरे वाईट निघाले."

"म्हणू दे ना! एकीचा नवरा वाईट असला तं बोभाटा होते. सगळ्यांचेच वाईट असले तं कोणी काही बोलत नाही."

यावर बऱ्याच जणी विचारात पडल्या. मग हळूच कुणी म्हणालं, माझे गुडघे धरतात. कुणी म्हणालं, जिना चढताना मले दम लागते. कुणाचं प्रेशर, कुणाची कंबर, कुणाला रात्र रात्र झोप नाही. साबणदाणी आणि चमचा दोन्ही बाजूला राहिले. इतकी वर्षं एकमेकींच्या घरचा चहा प्यायला, पण कुणाचं काय दुखतं हे त्या दिवशी कळलं. आणि सिंधूताईंनाच सगळ्यात जास्त दुखत होतं. इतरांच्या घरातल्या बातम्यांच्या गडबडीत त्यांना स्वतःची बातमी सांगायला सवडच झाली नव्हती.

भैयाजी व्हरांड्यात बसून सगळं ऐकत होते. "परवानगी लागेल," ते खिडकीतून म्हणाले.

"चालाले परवानगी?"

"एक बाई चालली तर ती बाई. वीस बाया चालल्या तर तो जमाव." भैयाजींच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर पहिल्यांदाच चमक आली होती. त्यांनी रातोरात अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि दुसऱ्या दिवशी प्रेमिलाबाईंना घेऊन ते पोलीस ठाण्यावर गेले.

ठाणेदारसाहेब पुण्याकडचे होते. चांगले गोल, भारदस्त. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "मोर्चा का?"

"नाही साहेब. चालणं."

"मोर्चा पण चालतच जातो. मागणी काय?"

"काही नाही."

"मागणी नाही, म्हणजे मोर्चा नाही. पालखी आहे?"

"नाही."

"वरात?"

"साहेब, पहाटे?" भैयाजी म्हणाले.

"मग याला लिहू काय? आमच्याकडं मोर्चा आहे, मिरवणूक आहे, वरात आहे. नुसतं चालणं कुठंच बसत नाही." त्यांनी अर्ज परत सरकवला.

तेव्हा प्रेमिलाबाईंचा बांध फुटला. पंधरवडाभराचं सगळं साचलेलं होतं. सिंधूताईंचं "हं", हिरवी ट्रंक, सासऱ्यांचा फोटो, ते कोहळं. "साहेब, मले साखर आहे!" त्या ठाण्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चालली नाही तं डॉक्टर सुई देणार आहे. रिकाम्या हातानं निघाली तं लोकं म्हणतात, घर सोडून चालली. पिशवी घेतली तं सामान आणाले सांगतात. घरात फिरली तं सासरे पडतात. आता मी चालू तरी कुठं?"

ठाणेदारसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग टेबलावर वाकून अगदी हळू विचारलं, "किती आहे?"

"काय किती?"

"साखर."

प्रेमिलाबाईंनी सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. "माझी जास्त आहे," ते म्हणाले. "मलाही चालायला सांगितलंय. पण मी गणवेशात पायी निघालो, की लोकांना वाटतं जीप बंद पडली. धक्का मारायला धावत येतात. साध्या कपड्यांत निघालो, तर वाटतं कुणाच्या तरी पाळतीवर आहे. दुकानं बंद करतात."

मग साहेबांनी अर्ज पुन्हा ओढून घेतला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: प्रभातफेरी. विषय: आरोग्य. "प्रभातफेरीला मनाई नाही," ते म्हणाले. "फक्त फलक पाहिजे, घोषणा पाहिजेत, आणि बंदोबस्त पाहिजे. बंदोबस्तावर मी स्वतः येईन. पायी."

आणि अशी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फेरी निघाली. पुढं भैयाजींनी रंगवलेला फलक. मागं स्वेटर, शाली, मफलर गुंडाळलेल्या बाया. सगळ्यांत मागं बाबूलालची रिक्षा, थकणारीसाठी. बाजूनं ठाणेदारसाहेब, छाती पुढं काढून. भैयाजींनी घोषणा दिली, "रक्तातली साखर!" आणि सगळ्या ओरडल्या, "चले जाव!"

पहिल्या घरापर्यंत सगळं छान झालं. पहिल्या घरी फाटकात गोपिकाबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. संक्रांतीचे दिवस, दारावरून इतक्या सवाष्णी चाललेल्या, आणि तशाच जाऊ द्यायच्या? "या, या! कुंकू लावल्याशिवाय सोडणार नाही!" फेरी आत गेली. हळद, कुंकू, अत्तर, तिळाचा लाडू. फेरी बाहेर आली. दुसऱ्या घरी पुन्हा ताट. तिसऱ्या घरी पोहे. ऊन वर आलं तेव्हा फेरी अजून त्याच गल्लीत होती, प्रेमिलाबाईंच्या पदरात लाडूंची रास जमली होती, आणि ठाणेदारसाहेब एका ओसरीवर बसून, नको नको म्हणत तिसरा लाडू खात होते.

प्रेमिलाबाईंनी त्या लाडवांकडं पाहिलं. हळदी-कुंकवाला नाही म्हणणं शक्य नव्हतं, तसं कुणी म्हटलंही नसतं. पण सुई! त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि भैयाजींनाही कधी जमला नसता अशा आवाजात म्हणाल्या, "फेरी थांबणार नाही! ज्यांना कुंकू लावायचं आहे त्यांनी चालता चालता लावा! लाडू बांधून द्या, घरी नवरा खाईल!"

आणि पाय उचलले. बाया मागं. चौथ्या घरची बाई ताट घेऊन उभी होती. ती एक क्षण गोंधळली, मग ताट सांभाळत धावली. एकीला कुंकू, दुसरीला हळद, तिसरीला गाठेपर्यंत गल्ली संपली, आणि ती तशीच पुढं चालत राहिली. पाचव्या घरची पण तशीच आली. एका गल्लीतून निघालेली फेरी चौकात पोचली तेव्हा दुप्पट झाली होती, अर्ध्या जणींच्या हातात ताटं होती, आणि धापा टाकत, हसत, एकमेकींच्या कपाळावर नेम धरत सगळ्या चालल्या होत्या. कुणाचं कुंकू नाकावर गेलं, कुणाचं कानावर. सिंधूताईंच्या चष्म्यावरही बोट उमटलं.

कोपऱ्यावरच्या घरात कौशल्याबाई पडद्याआडून पाहत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. संक्रांतीच्या दिवसांत त्यांच्या दाराची कडी कुणी वाजवत नसे. प्रेमिलाबाई त्यांच्या फाटकाशी थबकल्या. फेरी थांबणार नाही असं सांगणाऱ्या बाई स्वतः थांबल्या.

"चला ना, बाई!"

"मी कशी येणार?" कौशल्याबाई आतूनच म्हणाल्या. "आज हळदी-कुंकू आहे ना."

"हळदी-कुंकू मागं आहे. पुढं फिरणं आहे. तुम्ही पुढं या."

कौशल्याबाई चपला घालून आल्या आणि जन्मभर शाळेत पायी गेलेल्या त्या बाईनं असा वेग धरला, की ठाणेदारसाहेबांना "जरा हळू" म्हणावं लागलं. त्या दिवसापासून फेरीच्या पुढं कायम त्याच असत.

संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, ताटं माजघरात गेली. फेरी राहिली. घोषणा आपोआप गळून पडल्या, त्यांच्या जागी गप्पा आल्या. फलक भैयाजींनी कपाटावर ठेवला. प्रेमिलाबाईंच्या हातात पिशवी उरली नाही. बाबूलालच्या रिक्षात पहिले काही दिवस कुणी ना कुणी बसायचं. मग कुणीच बसेना, तरी तो यायचा. सवय झाली होती त्यालाही.

जानेवारी संपला आणि प्रेमिलाबाई डॉक्टरांकडं गेल्या. रक्त काढायला सुई टोचली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, कोठी शोधली नाही. डॉक्टरांनी निकाल पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

"काय केलंत?"

"चालली," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तुम्ही धरता तसं."

सुई टळली. घरी येऊन त्यांनी निकालाचा कागद रुपरावांच्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि जवळ ते कॅनव्हासचे बूट. धुऊन, खडू लावून पांढरे केलेले. "उद्या सकाळी," त्या एवढंच म्हणाल्या.

रुपरावांनी आठवण नसल्याचं नाटक करून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी फाटकासमोर सगळी कॉलनी उभी होती, कारण ही बातमी सिंधूताईंकडं होती. रुपराव मागं मागं निघाले. लॉ कॉलेजच्या चौकापर्यंत ते छाती काढून चालले. पुढं थोडे वाकून. अंबाझरीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांना बुटात खडा असल्यासारखं वाटायला लागलं. ते थांबले, बूट काढला. खडा नव्हता.

"बैठो, साब," बाबूलाल म्हणाला.

रुपराव बसले. परतीच्या वाटेवर पुढं बायांचा तांडा, सगळ्यांच्या पुढं कौशल्याबाई, आणि सगळ्यांच्या मागं रिक्षात रुपराव, शाल डोक्यावरून घेतलेली, वाऱ्यानं डोळ्यांतून घळघळ पाणी. भैयाजी तेवढे त्या दिवशी दुधाला गेल्यामुळं फाटकासमोरही नव्हते आणि फेरीलाही नव्हते. ते कोपऱ्यावर दुधाचा डबा घेऊन उभे होते. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि घाबरून डबा खाली ठेवला.

"अवो वहिनी, रुपरावाले काय झालं?"

प्रेमिलाबाई थांबल्या नाहीत. दोन्ही हात रिकामे, मोकळे हलवत, जाता जाता म्हणाल्या, "काही नाही, भैयाजी. घर सोडून चालले होते. मी परत आणून राहिली."